वासे बदललेला वाडा

फ्रीबीएसडी ही संगणकप्रणाली युनिक्सच्या थेट कुळातली, पण कायद्याने तिला स्वतःला युनिक्स म्हणवून घेता येत नाही. घराणं तेच, आडनाव मात्र लावायचं नाही. तिची कुळकथा अशी.

युनिक्स जन्मलं १९६९ मध्ये, एटी अँड टी या अमेरिकी टेलिफोन कंपनीच्या बेल लॅब्समध्ये. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची हे त्याचे जनक. मक्तेदारीमुळे १९५६ च्या न्यायालयीन हुकमाने कंपनीला संगणकाच्या धंद्याची दारं बंद होती. त्यामुळे विद्यापीठांना युनिक्स मूळ कोडसकट स्वस्तात मिळे. बर्कलेत बिल जॉय या विद्यार्थ्याने त्यात भर घालून १९७८ पासून टेपा वाटल्या. ‘बर्कले सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन’ ऊर्फ बीएसडी ती हीच.

पुढे कंपनीच्या परवान्याचे दर चढत गेले. तेव्हा बर्कलेच्या कीथ बॉस्टिक यांनी स्वयंसेवकांना साद घातली: मूळ कोड न पाहता, नुसतं वर्णन वाचून प्रत्येक आज्ञावली नव्याने लिहा. मोबदला एकच, यादीत नाव. भाडेकरूंनी वाड्याचा एकेक वासा बदलावा, तसं ते काम. १९९१ मध्ये मूळ मालकाच्या अवघ्या सहा फायली उरल्या. बिल आणि लिन जोलिट्झ या दांपत्याने त्याही नव्याने लिहिल्या आणि ही प्रणाली साध्या पीसीवर आणली. त्यातूनच १९९३ मध्ये फ्रीबीएसडी निघालं.

तोवर मूळ मालक या कोडवर हक्क सांगत कोर्टात गेला होता. पण तपासात निघालं ते वेगळंच: कंपनीच्या युनिक्समध्येही बर्कलेचा कोड होता, श्रेयाची ओळ पुसून. विद्यापीठानेही उलटा दावा ठोकला. १९९४ मध्ये तडजोड झाली आणि सुमारे १८,००० फायलींपैकी तीन काढाव्या लागल्या. फ्रीबीएसडीला मात्र जुना कोड सोडून नव्या पायावर पुन्हा उभं राहावं लागलं. या खटल्याच्या काळात लिनक्स ही प्रतिस्पर्धी प्रणाली पुढे निघून गेली.

आज नेटफ्लिक्सचे व्हिडिओ फ्रीबीएसडीवरच्या सर्व्हरमधून येतात. प्लेस्टेशन ४ ची प्रणाली त्यावरच बेतलेली आहे आणि मॅकओएसमध्येही या घराण्याचे बरेच वासे आहेत. परवाना म्हणतो: न्या, बदला, विका, फक्त आमच्या श्रेयाची ओळ पुसू नका. त्या स्वयंसेवकांना मिळालेलं मानधनही तेवढंच होतं.