"सर्चमध्ये पहिला आला होता, मॅडम": दाखल्यांचा एक छोटा इतिहास

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या प्रोजेक्टमध्ये एक आकडा चुकला होता. विषय होता पवना नदीच्या पाण्यातले जड धातू. स्वतःच्या मोजमापांशी तुलना करायला मी आधीच्या एका पेपरातला क्रोमियमचा आकडा उचलून तक्त्यात टाकला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या मॅडमनी नेमकं त्याच रकान्यावर बोट ठेवलं. "हे नदीचं पाणी आहे की भोसरीतल्या एखाद्या प्लेटिंगच्या टाकीतलं?"

मग उलगडा झाला. त्या पेपराने आकडा दुसऱ्याच एका अभ्यासातून घेतला होता. मूळ अभ्यासात तो मायक्रोग्रॅम प्रति लिटर होता, या पठ्ठ्यांनी मिलिग्रॅम छापलं होतं. म्हणजे हजार पटींची चूक, आणि ती मी जशीच्या तशी माझ्या नावावर घेतली होती. मॅडमनी विचारलं, "हाच पेपर का निवडलास?" मी खरं ते सांगितलं, "सर्चमध्ये पहिला आला होता, मॅडम." त्या म्हणाल्या, "अरे, पण त्याला पहिला काढला कुणी?"

त्या दिवशी मला उत्तर आलं नाही. तुम्ही आता पेटची तयारी करत असाल, प्रपोजल लिहीत असाल, तर हा प्रश्न तुमच्याही वाट्याला येणार आहे. त्याचं उत्तर इतिहासात आहे, आणि त्या इतिहासातले दोन मुक्काम आपल्या अगदी जवळचे आहेत.

पिंपरीचं बुलेटिन

पिंपरीत जुन्या हायवेने जाताना एचए कॉलनी लागते. एचए म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स. 1954 साली स्थापन झालेला, सरकारी मालकीचा देशातला पहिला औषध कारखाना. तिथे पेनिसिलिन बनायचं हे बहुतेकांना माहीत असतं. पण तिथे चांगलं संशोधनही चालायचं, आणि 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून 'हिंदुस्तान अँटिबायोटिक्स बुलेटिन' नावाचं स्वतःचं संशोधनपत्र निघायचं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

याच बुलेटिनमध्ये 1961 साली एम. जे. तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी हॅमायसिन या बुरशीनाशक औषधाच्या शोधाची माहिती छापली. हे औषध ज्या जिवाणूपासून मिळालं त्याचं नाव 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना'. हो, आपल्या पिंपरीवरून! पुढे अमेरिकेतल्या डॉक्टरांनीही ते रुग्णांवर वापरून पाहिलं.

आता विचार करा. त्या काळी परदेशातला एखादा संशोधक पिंपरीतून निघणाऱ्या बुलेटिनवर विश्वास ठेवायचा की नाही, हे कशावरून ठरवत असेल? लेख वाचून, पद्धत तपासून, जमल्यास प्रयोग करून बघून. आणि पटलं तर तो आपल्या पेपराच्या शेवटी त्याचा संदर्भ द्यायचा. मराठीत आपण याला 'दाखला देणं' म्हणतो. हा शब्द मला आवडतो, कारण तलाठ्याकडचा दाखला आणि पेपरातला दाखला यांचं काम एकच आहे: कुणीतरी आपल्या नावावर सांगतो की मी हे पाहिलं आहे.

दाखले मोजायला सुरुवात

हे दाखले मोजता येतील ही कल्पना युजीन गारफिल्ड या अमेरिकन माणसाची. 1955 साली 'सायन्स' या साप्ताहिकात त्याने ती मांडली. त्याच्यासमोर नमुना होता वकिलांचा. अमेरिकेत 1873 पासून 'शेपर्ड्स सायटेशन्स' नावाची सूची निघत होती. एखाद्या जुन्या निकालाचा पुढे कोणत्या खटल्यांत उल्लेख झाला, तो निकाल अजून टिकून आहे की फिरवला गेला, हे वकील त्यात बघायचे. गारफिल्ड म्हणाला, विज्ञानासाठीही असंच करू. 1960 च्या दशकात त्याच्या संस्थेची 'सायन्स सायटेशन इंडेक्स' बाजारात आली.

इथे एक बारकावा लक्षात ठेवा. गारफिल्डचा मूळ हेतू शोधाशोध सोपी करण्याचा होता. या पेपरापुढे कोण काय म्हणालं, कुणी त्याच्यावर आक्षेप घेतला, हे सापडावं म्हणून सूची. पण मोजता येणाऱ्या गोष्टीचं माप व्हायला वेळ लागत नाही. जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर आला, आणि 'किती दाखले' हेच 'किती चांगलं' याचं उत्तर होऊन बसलं.

1976 साली गॅब्रिएल पिन्स्की आणि फ्रान्सिस नारिन यांनी एक सुधारणा सुचवली: सगळे दाखले सारखे मोजू नका. ज्या जर्नलला स्वतःला वजनदार दाखले मिळतात, त्याने दिलेल्या दाखल्याचं वजन जास्त धरा. ही कल्पना डोक्यात ठेवा, पुढच्याच पायरीवर ती परत भेटणार आहे.

पानाला पानाचा दाखला

1990 च्या दशकाच्या मध्यावर इंटरनेटवर शोधणं म्हणजे वैताग होता. यंत्रं मुख्यतः शब्द जुळवायची. 'पेन्शन' शोधलं तर ज्या पानावर 'पेन्शन' जास्त वेळा लिहिलंय ते वर. मग लोकांनी पानाच्या तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत शेकडो वेळा तोच शब्द लिहायला सुरुवात केली. वाचणाऱ्याला दिसत नाही, यंत्राला दिसतो.

1998 साली स्टॅनफर्डमधले दोन पीएचडीचे विद्यार्थी, सर्गे ब्रिन आणि लॅरी पेज, यांनी वेगळा रस्ता मांडला. एका पानाने दुसऱ्या पानाला लिंक दिली, की तो दाखला समजा. आणि ज्याला स्वतःला चांगले दाखले आहेत, त्याचा दाखला वजनदार धरा. हा पेजरँक. त्यांनी तो असा समजावला: एक माणूस कंटाळवाणेपणे लिंकवर लिंक दाबत चाललाय. साधारण शंभरातल्या 85 वेळा तो समोरची एखादी लिंक दाबतो, उरलेल्या 15 वेळा कंटाळून कुठल्याही भलत्याच पानावर उडी मारतो. असा तो अनंतकाळ फिरत राहिला, तर जिथे जास्त वेळ सापडेल ते पान महत्त्वाचं.

शब्द किती वेळा आले हे मोजण्यापेक्षा हे नक्कीच पुढचं पाऊल होतं. पण या माणसाने काय केलं नाही ते बघा. त्याने एकही पान वाचलं नाही. पान खरं बोलतंय का, हे या गणितात कुठेच नाही. कुणी कुणाच्या नावाने साक्ष दिली एवढंच आहे.

आपल्या भागातल्या वाचकाला हे पटकन कळावं. चाकणच्या प्लांटमध्ये व्हेंडरकडून रोज हजारो पार्ट येतात. प्रत्येक पार्ट मोजत बसले तर लाईन थांबेल. म्हणून व्हेंडरचं रेटिंग बघतात, सोबत आलेला तपासणीचा कागद बघतात, लॉटमधले मोजके नग उचलून मोजतात. व्यवस्था विश्वासावर चालते. पण जो फक्त कागद बघून लॉट आत घेतो आणि गेज हातात धरतच नाही, तो एक दिवस गोत्यात येतो. पेजरँक हा त्या कागदांचा हिशेब आहे. गेज वेगळं.

दाखले विकत मिळू लागले

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. लिंकने क्रमांक वाढतो हे कळल्यावर लिंकचा धंदा सुरू झाला. एकमेकांना लिंक देणाऱ्या शेकडो पोकळ साइट्स उभ्या राहिल्या. गुगलने 2011 च्या फेब्रुवारीत 'पांडा' नावाचा बदल आणून घाऊक भावाने पाडलेला पोकळ मजकूर खाली ढकलला, आणि 2012 च्या एप्रिलमध्ये 'पेंग्विन' आणून विकत घेतलेल्या लिंकांवर बडगा उगारला. पानाच्या पेजरँकचा आकडा आधी लोकांना टूलबारवर दिसायचा, तो 2016 मध्ये बंदच केला.

आणि मग जिवंत माणूस परत आला. गुगल हजारो माणसांकडून निकाल तपासून घेतं. त्यांना दिलेली मार्गदर्शक पुस्तिका 2015 मध्ये कंपनीने स्वतःच संपूर्ण जाहीर केली. त्यात विचारायला सांगितलेले प्रश्न साधे आहेत: हे कुणी लिहिलं? त्याला विषयातलं ज्ञान आहे का? इतर लोक त्याला मानतात का? पान विश्वासार्ह आहे का? 2022 च्या डिसेंबरमध्ये आणखी एक प्रश्न आला: लिहिणाऱ्याने हे स्वतः अनुभवलंय का? आरोग्य आणि पैसा यांसारख्या विषयांत निकष आणखी कडक. मात्र या माणसांनी दिलेल्या गुणांनी एखादं पान थेट वर-खाली होत नाही. यंत्राचा बदल बरोबर दिशेने चाललाय का, हे पडताळायला ते गुण वापरतात.

गुगल स्कॉलर 2004 मध्ये आलं, तेव्हा पेपरांच्या जगातही हीच गोष्ट घडली. तिथे एकेक जर्नल तपासून आत घेत नाहीत. यंत्र स्वतःच पेपर गोळा करतं. 2010 मध्ये सिरिल लाबे या फ्रेंच संशोधकाने संगणकाकडून शंभरेक निरर्थक पेपर लिहवून घेतले, ते एकमेकांचे दाखले देतील अशी व्यवस्था केली आणि 'आइक अँटकेअर' नावाच्या माणसाच्या नावावर टाकले. स्कॉलरवर त्याचा एच-इंडेक्स 94 झाला. असा माणूस अस्तित्वातच नव्हता. इंग्रजीत ते नाव जरा भरभर उच्चारून बघा, 'मला काय त्याचं' असा सूर ऐकू येईल.

विद्यापीठात झालेली तपासणी

आता दुसरा मुक्काम, आपलं पुणे विद्यापीठ. नोकरी, बढती, पीएचडी या सगळ्याला प्रकाशित पेपर लागायला लागले, तसा पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या जर्नलांचा सुळसुळाट झाला. यूजीसीने 2017 मध्ये मान्यताप्राप्त जर्नलांची यादी काढली. त्यात बरीच नावं विद्यापीठांनी सुचवलेली होती. म्हणजे पुन्हा दाखलेच!

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी ही यादी तपासायला घेतली. विद्यापीठांनी सुचवलेल्या 5,699 पैकी 1,336 जर्नलं त्यांनी नमुना म्हणून उचलली. स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्समध्ये असलेली 327 बाजूला काढली. उरली 1,009. त्यातली 34.5 टक्के पहिल्याच चाळणीत गळाली, कारण पत्ता, वेबसाइट, संपादकांची नावं अशी मूलभूत माहितीच चुकीची होती किंवा नव्हतीच. आणखी 52.3 टक्क्यांमध्ये खोटा आयएसएसएन, इम्पॅक्ट फॅक्टरचे खोटे दावे, संशयास्पद सूचींमध्ये नाव किंवा संपादकांची पात्रता यथातथा, असे प्रकार निघाले. हा अभ्यास 2018 च्या मार्चमध्ये 'करंट सायन्स'मध्ये छापून आला. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने यादीतून 4,305 जर्नलं काढली. 2019 मध्ये यूजीसी-केअर यादी आली, तिचं बरंचसं काम पुणे विद्यापीठातच चालायचं. मग केअर यादीतल्या चांगल्या जर्नलांच्या हुबेहूब बनावट वेबसाइट्स निघाल्या. शेवटी 2025 च्या फेब्रुवारीत यूजीसीने केअर यादीच बंद केली आणि पारखण्याची जबाबदारी संस्थांवर, म्हणजे तुमच्या-माझ्यावर टाकली.

मला या अभ्यासात सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं सांगू? त्यांनी वापरलेली पद्धत. पत्ता खरा आहे का, संपादक खरोखर आहेत का, आयएसएसएन जुळतो का. यातलं एकही काम असं नाही जे तुम्ही मोबाइलवर करू शकत नाही.

मग करायचं काय?

माझ्या त्या क्रोमियमच्या पेपराकडे मी नंतर परत गेलो. शीर्षकात माझ्या शोधातले सगळे शब्द होते. त्याला तीन दाखले होते आणि ते तिन्ही त्याच जर्नलमधले. वेबसाइटवरच्या पत्त्यात फक्त शहराचं नाव. संपादक मंडळातल्या दोघांची नावं त्यांच्या कथित विद्यापीठांच्या साइटवर सापडली नाहीत. हे सगळं बघायला मला वीस मिनिटंही लागली नाहीत. ती वीस मिनिटं आधी दिली असती, तर तोंडी परीक्षेत कान लाल झाले नसते.

तेव्हापासून मी तीन गोष्टी करतो, तुम्हीही करून बघा. आकडा घ्यायचा तर मूळ मोजमाप ज्यांनी केलं त्यांच्याच पेपरातून घ्यायचा, मधल्या कुणाकडून नाही, आणि एकक दोनदा बघायचं. दाखल्यांची संख्या बघण्याआधी ते दाखले दिलेत कुणी ते बघायचं. आणि पेपर पाठवायच्या आधी त्या जर्नलमधले गेल्या वर्षीचे दोन लेख पूर्ण वाचायचे. जे लेख वाचताना आपल्यालाच लाज वाटते, त्यांच्या शेजारी आपलं नाव कशाला छापायचं?

शोधयंत्र वापरू नका असं मी अजिबात म्हणत नाही. मी रोज वापरतो, हा लेख लिहितानाही वापरलं. हॅमायसिनवर शोधत शोधत मागे गेलो की शेवटी पिंपरीचं ते बुलेटिन समोर येतं, हे यंत्राचंच श्रेय. त्याने मला दारापर्यंत नेलं. आत जाऊन वाचायचं काम माझं होतं.

आता तुमच्यासाठी गृहपाठ. तुमच्या सिनॉप्सिसमधला पहिला संदर्भ उघडा. त्याला कुणी दाखला दिलाय आणि त्याने कुणाचा घेतलाय, एवढं आज बघा. काही विचित्र सापडलं तर गाईडला लगेच दाखवा, व्हायव्हाची वाट बघू नका.