आज्ञेकडून वर्णनाकडे : सर्व्हर-मांडणीचा एक छोटा इतिहास

१ ऑगस्ट २०१२ रोजी न्यूयॉर्कचा शेअर बाजार उघडला आणि नाइट कॅपिटल या दलाली कंपनीच्या संगणकांनी कोणी न सांगितलेली खरेदी-विक्री सुरू केली. सुमारे पाऊण तासात कंपनीने ४४ कोटी डॉलरहून अधिक रक्कम गमावली. पुढील सरकारी चौकशीत दिसले ते असे : नवा प्रोग्रॅम आठ सर्व्हरांवर चढवायचा होता, सातांवर चढला, आठवा राहून गेला. त्या आठव्यावर वर्षानुवर्षे पडून असलेला जुना कोड जागा झाला. झालेले काम दुसऱ्या कोणी तपासावे, असा लेखी नियमही नव्हता.

मला ही घटना परकी वाटली नाही. पीएचडीच्या काळात आमच्या प्रयोगशाळेत २४ यंत्रांचा एक संगणक-समूह होता. त्यावर एकच गणित चालवले, की तेवीस उत्तरे जुळत आणि एक सातव्या दशांशस्थळी वेगळे येई. तीन आठवडे मी हा माझ्या समीकरणांचाच दोष समजत होते. अखेर उलगडा झाला. आधीच्या एका विद्यार्थ्याने त्या यंत्रावर गणिती लायब्ररीची निराळी आवृत्ती हाताने बसवली होती. नोंद कोठेही नव्हती आणि तो केव्हाच परदेशी निघून गेला होता.

या दुखण्यावरील एक महत्त्वाचे औषध भौतिकशास्त्राच्या विभागातच तयार झाले, हे संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना अनेकदा ठाऊक नसते. १९९३ साली मार्क बर्जेस ओस्लो विद्यापीठात सैद्धांतिक भौतिकीचे संशोधन करत होते. विभागात नाना प्रकारची युनिक्स यंत्रे होती. कोणाच्या फायलींच्या जागा वेगळ्या, कोणाच्या आज्ञांचे रूप वेगळे. त्यांना सांभाळणाऱ्या स्क्रिप्ट ‘हे यंत्र असेल तर असे, ते असेल तर तसे’ अशा अपवादांनी भरून जात. बर्जेस यांनी त्यावर उपाय म्हणून सीएफइंजिन ही व्यवस्था आणि तिची छोटी भाषा रचली.

तिच्यामागील कल्पना मला आजही मोहक वाटते. साधी स्क्रिप्ट आज्ञा देते : ‘या फाइलीत ही ओळ जोड.’ ती तीनदा चालवली तर ओळ तीनदा येते. मध्येच वीज गेली तर किती काम झाले, ते कळत नाही. सीएफइंजिनला सांगायची ती अंतिम अवस्था : ‘या फाइलीत ही ओळ असावी.’ प्रोग्रॅम आधी पाहतो. ओळ नसेल तर घालतो, असेल तर हात लावत नाही. एकदा चालवा वा शंभरदा, यंत्र त्याच अवस्थेला येऊन थांबते. खोलगट वाडग्यात गोटी कोणत्याही कडेने सोडली तरी ती तळाशी स्थिरावते, तसेच हे. १९९८ मध्ये बर्जेस यांनी ‘संगणकीय प्रतिकारशक्ती’ची कल्पना मांडली : शरीर जसे आपली बिघडलेली घडी स्वतःच सावरते, तसे यंत्रानेही सावरावे.

पुढे पपेट (२००५), शेफ (२००९) आणि ॲन्सिबल (२०१२) ही साधने आली. दरम्यान ऑगस्ट २००६ मध्ये ॲमेझॉनने आभासी सर्व्हर तासाच्या भाड्याने देण्यास आरंभ केला आणि प्रश्नाचे स्वरूपच पालटले. आता यंत्राची मांडणीच नव्हे, तर त्याचे अस्तित्वही लिहून मागता येऊ लागले. २०१४ च्या टेराफॉर्ममध्ये किती सर्व्हर, कोणते जाळे, कोणती साठवण हे सारे मजकुराच्या फाइलीत असते. बदल करण्यापूर्वी काय नवे बनेल आणि काय मोडेल, हे साधन दाखवते. नाइट कॅपिटलच्या तंत्रज्ञांसमोर असा एक तक्ता असता, तर आठवा सर्व्हर कदाचित नजरेस पडला असता.

विज्ञानासाठी याचे मोल वेगळेच आहे. लार्ज हॅड्रॉन कोलायडरची आकडेवारी सुमारे ४० देशांतील दीडशेहून अधिक संगणक-केंद्रांत वाटली जाते. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि कोलकात्याचे व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटर ही त्यांतलीच. या जाळ्यावर देखरेख ठेवणारी ग्रिडव्ह्यू ही प्रणाली भाभा अणुसंशोधन केंद्र आणि सर्न यांनी मिळून घडवली. कोलकात्यात आणि जिनिव्हात एकाच आकडेवारीवर केलेले विश्लेषण जुळले नाही, तर फरक निसर्गात आहे की लायब्ररीच्या आवृत्तीत, हे आधी ठरवावे लागते. सर्नने २०१२ च्या सुमारास आपली जुनी व्यवस्था सोडून पपेट स्वीकारले.

स्वयंचलन चुकीलाही तितकेच बळ देते, हेही खरे. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमेझॉनच्या एका कर्मचाऱ्याने ठरलेल्या पद्धतीनुसारच एक आज्ञा दिली. मात्र तिच्यातील एक नोंद चुकली. मोजके सर्व्हर काढायचे होते, कितीतरी अधिक निघाले. अमेरिकेच्या पूर्व भागातील साठवण-सेवा सुमारे चार तास विस्कळीत राहिली. नंतर कंपनीने ते साधनच बदलले. आता ते सर्व्हर सावकाश काढते आणि किमान क्षमतेच्या खाली जाऊ देत नाही.

आमच्या प्रयोगशाळेतील २४ यंत्रांची मांडणी आता अशाच फायलींत लिहिलेली आहे. ते काम एका नव्या विद्यार्थिनीने केले. त्या जुन्या लायब्ररीच्या ओळीशेजारी तिने टीप लिहून ठेवली आहे : ‘ही आवृत्ती का हवी, ते कळलेले नाही. काढण्यापूर्वी विचारा.’