स्थानिक माती आणि कुंभारकलेचे शिक्षण : महाराष्ट्राच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
महाराष्ट्राच्या ग्रामीण इतिहासात बारा बलुतेदारांपैकी एक म्हणून कुंभाराचे स्थान सर्वपरिचित आहे. तथापि कुंभार आपली कला कशी शिकत असे, हा प्रश्न इतिहासलेखनात बहुधा उपेक्षित राहिला आहे. चाक हे या कलेचे प्रतीक मानले गेल्यामुळे कुंभारकामाचे शिक्षण म्हणजे चाकावर भांडे घडविण्याचे शिक्षण, असा समज रूढ झाला. वस्तुतः या शिक्षणाचा प्रारंभ ओढा, नदी वा तळे यांच्या काठी होतो. परिसरातील माती ओळखणे, ती आणणे व कामाजोगी करणे हा या व्यवसायाचा पाया होय. प्रस्तुत लेखात या मृत्तिकाज्ञानाच्या परंपरेचा पुरातत्त्वीय, वाङ्मयीन व सामाजिक साधनांच्या आधारे विचार केला आहे.

मातीचे स्वरूप :
दख्खनच्या पठारावरील काळी माती बेसाल्ट खडकाच्या विदारणातून तयार झाली आहे. ती पाण्याने फुगते व सुकताना आकसते. उन्हाळ्यात शेतजमिनीला पडणाऱ्या भेगा हा त्याचाच परिणाम होय. अशी माती जशीच्या तशी वापरल्यास भांडे सुकतानाच तडकते. त्यामुळे नदीकाठचा पोयटा किंवा तळ्यातील गाळ यांची निवड करावी लागते आणि त्यात राख, बारीक वाळू किंवा लीद मिसळावी लागते. लीद भट्टीत जळून जाते व भांड्याच्या अंगात सूक्ष्म छिद्रे राहतात. माठातील पाणी थंड राहण्यास ही सच्छिद्रता उपकारक ठरते. मातीत चुनखडीचे खडे राहिल्यास ते भट्टीत भाजून त्यांचा कळीचा चुना होतो. पुढे हवेतील ओलाव्याने तो फुगून पक्के झालेले भांडेही फोडतो. माती कुटणे व चाळणे ही कामे म्हणूनच दुय्यम मानता येत नाहीत. मिश्रणाचे प्रमाण गावोगावच्या मातीनुसार बदलते. ते पुस्तकातून नव्हे, तर हाताच्या स्पर्शातून कळते.

पुरातत्त्वीय साधने :
या ज्ञानाची प्राचीनता उत्खननांतून स्पष्ट होते. संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया व शां. भा. देव यांनी उत्खनन केले. तेथील चाकावर घडविलेली, लाल पृष्ठभागावर काळ्या रंगात भौमितिक नक्षी काढलेली भांडी 'जोर्वे' या नावाने प्रसिद्ध झाली. ही भांडी इतकी उत्तम भाजलेली असत की टिचकी मारल्यास धातूसारखा नाद येतो. घोड नदीकाठच्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात कुंभाराच्या भट्टीचे अवशेषही मिळाले. उत्तर जोर्वे काळातील भांडी मात्र तुलनेने जाडीभरडी आहेत. कौशल्य एकदा प्राप्त झाले म्हणजे ते कायम टिकतेच असे नाही, हे यावरून लक्षात येते.

संतपरंपरेतील साक्ष :
तेर येथील संत गोरा कुंभार यांच्याविषयीच्या दोन कथा महाराष्ट्रात सर्वश्रुत आहेत. एका कथेत ते नामस्मरणात तल्लीन होऊन चिखल तुडवितात व पायाखाली आलेल्या मुलाचेही भान त्यांना राहत नाही. दुसरीत ते थापटण्याने संतांच्या मस्तकांची परीक्षा घेऊन नामदेवांना कच्चे ठरवितात. या कथा ऐतिहासिक घटना म्हणून सिद्ध करता येत नसल्या, तरी व्यवसायाच्या दृष्टीने त्या बोलक्या आहेत. दोन्ही कथांत चाक नाही. एकीत माती मळण्याची क्रिया आहे, तर दुसरीत पक्क्या-कच्च्याची पारख आहे. लोकमानसानेही कुंभाराचे मर्म या दोन गोष्टींतच पाहिले, असे म्हणता येईल.

घर हीच पाठशाळा :
त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गाव-गाडा' (१९१५) या ग्रंथात बलुतेदारी व्यवस्थेचे सविस्तर चित्र आढळते. या व्यवस्थेत कुंभाराने गावाला मडकी पुरवावीत व सुगीला धान्यरूपाने बलुते घ्यावे, असा प्रघात होता. व्यवसाय वंशपरंपरागत असल्याने शिक्षणही घरातच होई. चाकावर प्रामुख्याने पुरुष बसत. माती कुटणे, चाळणे, राख व जळण गोळा करणे आणि विक्री यांचा मोठा भार स्त्रिया वाहत. 'कुंभाराची सून उकिरड्यावर येईलच' या म्हणीत या श्रमाची नोंद आहे, परंतु तीत गौरवाचा सूर नाही. मातीच्या ज्ञानाचा मोठा वाटा ज्यांच्या हाती होता, त्यांना कारागीर ही संज्ञा मात्र क्वचितच लाभली. शिवाय जातीच्या चौकटीने हे ज्ञान टिकविले, तसेच ते बंदिस्तही केले.

आधुनिक काळ :
विसाव्या शतकात धातूच्या व पुढे प्लॅस्टिकच्या भांड्यांमुळे मागणी घटली. गांधीप्रणीत ग्रामोद्योग चळवळीच्या प्रेरणेतून भद्रावती येथील ग्रामोदय संघाने कुंभारकामाच्या प्रशिक्षणाचे महत्त्वपूर्ण कार्य केले. खादी व ग्रामोद्योग आयोगाने २०१८ मध्ये सुरू केलेल्या कुंभार सशक्तीकरण कार्यक्रमातून विजेवर चालणारी चाके देण्यात आली. त्यामुळे शारीरिक कष्ट कमी होतात, हे निर्विवाद आहे. तथापि चाक देता येते, तशी मातीची पारख देता येत नाही. महाराष्ट्र शासनाच्या २०१७ मधील 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' या योजनेच्या नावातच गाळाची वाट धरणाकडून शेताकडे आखलेली आहे. तोच गाळ कुंभाराचाही कच्चा माल आहे, याची जाणीव धोरणात असणे आवश्यक आहे.

निष्कर्ष :
कुंभारकलेचा इतिहास हा केवळ भांड्यांच्या आकारांचा व नक्षीचा इतिहास नसून तो माती ओळखणाऱ्या माणसांचा इतिहास आहे. माती कोठून आणली, तीत काय मिसळले आणि भट्टी कशी रचली, याची माहिती वयोवृद्ध कुंभार स्त्री-पुरुषांच्या मुलाखतींतून नोंदविणे इतिहास विभागांना सहज शक्य आहे. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पकार्यात भूगोल व रसायनशास्त्र विभागांच्या साहाय्याने असे काम हाती घेता येईल. खापर हजारो वर्षे टिकते. ते घडविणारे ज्ञान मात्र एका पिढीच्या खंडानेही लोपू शकते.