पेटी आणि शेजारचा माणूस

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत जुन्या संगणकातील कागदपत्रे नव्या यंत्रात हलवीत असताना ‘मराठी अभ्यासपत्रिका’ या नावाचा एक संच सापडला. बडोद्यातील मराठी मुलांसाठी १९९९ ते २००६ या वर्षांत रात्री जागून टंकलिखित केलेली ती पाने. मोठ्या उत्सुकतेने पहिले पान उघडले, तर पडद्यावर अक्षरांचा नुसता चुरा दिसला. त्या काळी प्रत्येक फाँटाची स्वतःची सांकेतिक व्यवस्था असे. एका फाँटात लिहिलेले दुसऱ्यात उघडले की ‘क’च्या जागी एखादे विरामचिन्ह येई. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे प्रमाण १९९१ साली ठरले होते, आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्थानही मिळाले होते. तथापि ही व्यवस्था आमच्यासारख्या शिक्षकांच्या टेबलापर्यंत पोहोचावयास दहा-पंधरा वर्षे लागली. त्याच कपाटात एका विद्यार्थिनीची २००१ सालची हस्ताक्षराची वही होती. तिची शाई फिकी झाली आहे, पण ‘ज्ञ’चे वळणसुद्धा अजून स्वच्छ वाचता येते.

वर्गात आधुनिक साधने आणण्याचा आग्रह धरणाऱ्यांपैकी मी एक होते, हे येथे कबूल केले पाहिजे. त्या आग्रहाचा मला पश्चात्ताप नाही. परंतु तो चुरा पाहिल्यापासून एक प्रश्न मनात घोळत राहिला. शिकविण्याचे नवे साधन येते तेव्हा नेमके काय येते, आणि जे टिकते ते कशामुळे टिकते? उत्तरासाठी थोडे मागे जावे लागले.

आपल्याकडील पंतोजींच्या शाळांत मुले धूळपाटीवर अक्षरे गिरवीत. ‘धुळाक्षरे’ हा शब्द त्यातूनच भाषेत राहिला. दक्षिणेतही वाळूवर लिहिण्याची चाल होती. मद्रासजवळ एग्मोर येथील सैनिकी अनाथाश्रमाच्या शाळेची देखरेख करणारे अँड्र्यू बेल यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस गावठी शाळेतील मुलांना वाळूवर लिहिताना पाहिले आणि ती पद्धत आपल्या शाळेत आणावयाचे ठरविले. तेथील शिक्षकांना ती रुचेना. तेव्हा बेल यांनी आठ वर्षांच्या एका मुलालाच धाकट्यांना शिकविण्याच्या कामावर बसविले. या प्रयोगाचा वृत्तांत १७९७ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला आणि ‘मद्रास पद्धत’ या नावाने ती रीत इंग्लंडातील शाळांत पसरली. वाळू फुकटची होती, म्हणून तिचे कौतुक झाले. पण त्या प्रयोगाचा खरा कणा होता तो वाळूशेजारी बसलेला आठ वर्षांचा शिक्षक.

बडोद्याच्या वाचकांना पुढची हकीकत घरचीच वाटेल. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यातील मोजक्या गावांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ साली तो सर्व संस्थानाला लागू केला. साक्षर झालेल्या माणसाने वाचावे काय, हा प्रश्न त्यामागोमाग आलाच. अमेरिकेच्या प्रवासात महाराजांनी तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली होती. १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालास त्यांनी बडोद्यास आणले. बोर्डन तीनच वर्षे येथे राहिले, परंतु मध्यवर्ती ग्रंथालय आणि गावोगावची वाचनालये यांची घडी त्यांनी बसवून दिली. पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव फिरू लागल्या. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी ग्रंथालय खात्याची दृश्य शिक्षणाची एक स्वतंत्र शाखाच होती. जादूचा कंदील, काचेवरची चित्रे, पुढे चलच्चित्रे, अशी तिची सामग्री. आजच्या भाषेत बोलायचे तर शंभर वर्षांपूर्वी बडोद्याच्या खेड्यात ‘प्रोजेक्टर’ पोहोचला होता. मात्र पेटी गावात येई तेव्हा ती उघडणारे, पुस्तक हाती देणारे आणि परत मागून घेणारे कोणीतरी तेथे असावेच लागे. मोतीभाई अमीन यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी तरुणांची मित्रमंडळे उभी करून वाचनालये चालविली, म्हणून त्या चळवळीने मूळ धरले.

या अनुमानाला प्रयोगाचा भक्कम आधार मिळतो तो १९५६ साली, आणि तोही मराठी मुलखात. युनेस्कोच्या साहाय्याने पुणे आकाशवाणीने तेव्हाच्या मुंबई राज्यातील पाच मराठीभाषक जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी रेडिओ श्रोतृमंडळे स्थापन केली. सुमारे दीडशे गावांत आठवड्यातून दोनदा पंधरा-वीस माणसे एकत्र बसत, अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत आणि नंतर त्यावर चर्चा करीत. प्रत्येक मंडळाला एक संयोजक असे. अवघे वीस कार्यक्रम झाले. टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल नॉयराथ यांनी त्याचे मूल्यमापन केले आणि तुलनेसाठी आणखी दोन प्रकारची गावे घेतली : रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी, आणि रेडिओच नाही अशी. मंडळांच्या गावांत लोकांच्या माहितीत लक्षणीय वाढ दिसली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती फारच थोडी होती. यंत्र तेच आणि आवाजही तोच. फरक होता तो ऐकून झाल्यावर ‘तुम्हांला काय वाटते?’ असे विचारणाऱ्या माणसाचा. १९५९ पासून ही योजना देशभर नेण्यात आली, पण पुढे तिचा जोर ओसरला. पुण्याच्या प्रयोगात प्रत्येक मंडळाकडे जितके लक्ष पुरविले गेले, तितके हजारो मंडळांकडे पुरविणे सोपे नव्हते.

यानंतर उपग्रह आला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे वर्षभर अमेरिकेच्या ‘ए.टी.एस.-६’ उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम दाखविण्यात आले. खुराड्याला लावतात तशा तारेच्या जाळीच्या, सुमारे तीन मीटर व्यासाच्या तबकड्या गावागावांत उभ्या राहिल्या. सकाळी शाळेतील मुलांसाठी कार्यक्रम असत, संध्याकाळी मोठ्यांसाठी. याच उपग्रहाचा उपयोग करून हजारो प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकविण्याचे प्रशिक्षणही देण्यात आले, आणि माझ्या मते त्या उपक्रमातील हा सर्वांत दूरदृष्टीचा भाग होता. वर्ष संपल्यावर उपग्रह गेला, पण शिकलेला शिक्षक गावातच राहिला.

१९८४-८५ मध्ये ‘क्लास’ या प्रकल्पातून देशातील सुमारे अडीचशे शाळांत बी.बी.सी. मायक्रो संगणक आले. त्यांचा कळफलक इंग्रजी होता. मराठी, गुजराती किंवा कन्नड माध्यमाच्या मुलाला यंत्राशी बोलण्याआधी परकी भाषा ओलांडावी लागे. २० सप्टेंबर २००४ रोजी खास शिक्षणासाठी ‘एज्युसॅट’ हा उपग्रह सोडण्यात आला, आणि तो २०१० पर्यंत काम करीत होता. २०१७ साली ‘दीक्षा’ हे व्यासपीठ आले, पाठ्यपुस्तकांत चौकोनी संकेत छापले जाऊ लागले, आणि अशा संकेतांचा वर्गात कल्पकतेने उपयोग करणारे सोलापूर जिल्ह्यातील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ‘ग्लोबल टीचर’ पुरस्कार मिळाला. तो सन्मान शिक्षकाला मिळाला, यंत्राला नव्हे, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

आता माझा अनुभव. निवृत्तीनंतर मी रविवारी मराठी मुलांचा एक छोटा वर्ग घेते. ही मुले शाळेत गुजराती किंवा इंग्रजीतून शिकतात. मराठी घरात ऐकतात, वाचत मात्र नाहीत. २०२० च्या टाळेबंदीत हा वर्ग भ्रमणध्वनीवर गेला. एका मुलीच्या घरी एकच फोन, आणि तो वडिलांबरोबर रात्री आठाला घरी येई. म्हणून तिचा पाठ साडेआठाला ठेवला. मी शब्दांची चित्रपत्रे तयार केली होती. एका पत्रावर पृथ्वीचे चित्र आणि खाली ‘जग’ हा शब्द. मुलीने तो वाचला, पण पाण्याच्या जगाचा उच्चार करून. लिपीत दोन्हींना एकच ‘ज’. गुजरातीत वाढलेल्या जिभेला आपला दंततालव्य ‘ज’ ठाऊकच नसतो, आणि पडद्यावरचे अक्षर तो फरक दाखवू शकत नाही. मी दुरुस्ती करणार इतक्यात पडद्याबाहेरून तिच्या आजीचा आवाज आला, “अगं, पाण्याचा जग वेगळा आणि आपण राहतो ते जग वेगळं. जीभ जरा दातांपाशी ने.” दोन-तीन प्रयत्नांत तिला तो उच्चार जमला. मग आजीने आपण होऊन ‘चार’ आणि ‘चारा’ ही जोडी तिच्याकडून म्हणवून घेतली. त्या दिवसापासून आजी पाठाला बसू लागल्या. चित्रपत्र मी केले होते, फोन वडिलांचा होता, पण शिकविले आजींनी.

यावरून साधने निरुपयोगी आहेत असे कोणी म्हणू नये. महाराष्ट्राबाहेरच्या आपणा मराठी माणसांवर तर त्यांचे मोठे उपकार आहेत. एकेकाळी मराठी पाठ्यपुस्तकासाठी मुंबईहून येणाऱ्या पाहुण्याची वाट पाहावी लागे. आज बालभारतीची पुस्तके, मराठी विश्वकोश, मोल्सवर्थचा १८५७ चा कोश हे सारे बेळगावच्या किंवा इंदूरच्या शिक्षकालाही घरबसल्या उघडता येते. मराठी विकिपीडियाही २००३ पासून आहे. ग्रंथांची पेटी आता प्रत्येकाच्या खिशात आली आहे, आणि बडोद्यातील त्या लाकडी पेट्यांच्या कर्त्यांना याचा आनंदच झाला असता. चूक होते ती हिशेब मांडताना. अंदाजपत्रकात यंत्रांची किंमत नीट लिहिली जाते. त्यांच्याशेजारी बसणाऱ्या माणसाच्या वेळेचा रकाना मात्र बहुधा कोराच राहतो. १९५६ च्या प्रयोगाने जे मोजून दाखविले, तेच आपण प्रत्येक नव्या यंत्राबरोबर विसरतो.

त्या चुरा झालेल्या अभ्यासपत्रिका युनिकोडमध्ये पुन्हा उतरविण्याचे काम मी सुरू केले आहे. जुन्या छापील प्रतींवरून एक पान मी वाचते आणि एक विद्यार्थी टंकलिखित करतो. आतापर्यंत चाळीस पाने झाली. वाचताना तो अडतो, विचारतो, कधी माझीच जुनी चूक दाखवितो. मंडळातील ज्यांना आठवड्यातून अर्धा तास देता येईल त्यांनी अशाच एखाद्या मुलाशेजारी बसावे, एवढी विनंती आहे. पुस्तक, पाटी की पडदा, हे त्या मुलाच्या सोयीने ठरवावे.