लोखंडी कपाटाची कुळकथा

मालवणच्या किनाऱ्यावर कागद जपणें हें एक व्रतच आहे. पावसाळ्याचे चार महिने भिंती ओल धरतात, खाऱ्या वाऱ्यानें बिजागऱ्या गंजतात, आणि जमिनींतून वाळवी कधीं वर चढली याचा पत्ता पेटी उघडल्यावरच लागतो. आंब्याच्या फळ्यांच्या पेटींत ठेवलेले आमच्या पणजोबांच्या हातचे मोडी कागद असेच गेले. वरचा रुमाल तेवढा शाबूत, आंत माती. त्यानंतर आमच्या वडिलांनीं मुंबईहून लोखंडी कपाट आणविलें. त्याला घरांत कोणी कपाट म्हणत नसे, ‘गोदरेज’ म्हणत. एका घराण्याचें आडनांव जेथें वस्तूचें सामान्यनाम होऊन बसलें, तेथें त्या वस्तूची कुळकथा सांगणें अप्रस्तुत होणार नाहीं.

आपल्या जुन्या दफ्तरखान्यांत सामान असें फारसें नसेच. कारकून बैठकीवर मांडी घालून लिही, आणि कागद रुमालांत बांधून ठेवी. पुण्याच्या पेशवे दफ्तराचे रुमाल प्रसिद्धच आहेत. इंग्रजी अमलाबरोबर खुर्ची आली, टेबल आलें, आणि चांगलें कुलूप व भक्कम तिजोरी म्हटली म्हणजे ती विलायतीच, असा समज रुजला.

हा समज ज्यांना बोंचला ते अर्देशीर बुर्जोरजी गोदरेज १८६८ सालीं जन्मले. वकील होऊन ते एका खटल्यासाठीं झांजिबारला गेले. परंतु अशिलासाठीं सत्याला मुरड घालणें न जमल्यामुळें तो धंदा त्यांनीं सोडला. मग मुंबईंत त्यांनीं शस्त्रक्रियेचीं हत्यारें घडविण्यास आरंभ केला. माल पसंत पडला. मात्र त्यावर हिंदुस्थानचें नांव नसावें, अशी गिऱ्हाइकाची अट होती. अर्देशीर अडून बसले आणि धंदा बुडाला. आमच्या मतें पुढील सर्व वैभवाचा उगम या बुडण्यांत आहे. १८९७ सालीं लालबागेंत त्यांनीं कुलपांचा कारखाना काढला. बॉईस नांवाचे भागीदार लौकरच निघून गेले. पाटीवर मात्र आडनांव राहिलें!

कुलपानंतर तिजोरी आली, व १९२३ सालीं पोलादी कपाट. हा क्रम सहज घडलेला नाहीं. पत्रा कसा दुमडावा व दार चौकटींत कसें बसवावें, हें तिजोरी करतांना हातीं आलेलें होतें. कपाटांत जाड पत्र्याच्या जागीं पातळ पत्रा आला, आणि एक मूठ फिरविली कीं सगळे अडसर एकदम बसूं लागले. अर्देशीर १९३६ सालीं वारले. धाकटे बंधु पिरोजशा यांनीं विक्रोळीस कारखाना व कामगारांची वसाहत उभारली. इटलींत इव्रेआ येथें ऑलिव्हेट्टीनेंहि असेंच केलें होतें: १९०८ सालीं टंकलेखनयंत्रांपासून आरंभ, पुढें कचेरीचें सामान, आणि सभोंवार कामगारांचीं घरें. गोदरेजचें टंकलेखनयंत्र १९५५ सालीं निघालें.

परंतु विक्रोळीची आम्हांस सर्वांत प्रिय वाटणारी वस्तु म्हणजे १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची मतपेटी. त्या वेळीं प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर त्याचें चिन्ह. अर्थात् पेट्या लाखोंनीं लागल्या, आणि त्यांपैकीं पुष्कळशा विक्रोळींत घडल्या. ज्या हातांनीं कुलपें केलीं त्यांनींच निरक्षर मतदाराचें मत कुलपांत ठेवलें.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. आमच्या गांवचे सुतार सागवानी कपाटें करीत. सांध्यांत खिळा दिसत नसे. पोलादी कपाट आलें आणि तें काम हळूहळू थांबलें. विलायती मालाशीं झगडणाऱ्या स्वदेशी कारखान्यानें गांवच्या सुताराचें काम घ्यावें, याला काय म्हणावें? वाळवीनें खाल्लेले कागद आठवले कीं तक्रार करण्यास तोंड उरत नाहीं, हेंहि खरें.

वडिलांचें तें कपाट अद्याप माजघरांत आहे. खालच्या पत्र्याचे पापुद्रे सुटले, म्हणून पायांखालीं जांभ्याचे चिरे दिले आहेत. कुलूप अजून पहिल्याच किल्लीनें उघडतें. वरच्या खणांत पणजोबांचा तो रिकामा रुमाल आहे.