कारामुक्त स्त्रियांचे पुनर्वसन

कारामुक्त स्त्रियांचे पुनर्वसन : शिक्षा भोगून, निर्दोष सुटून किंवा जामिनावर तुरुंगाबाहेर आलेल्या स्त्रीचा निवारा, कागदपत्रे, रोजगार आणि मुलांशी तुटलेले नाते पुन्हा जुळवण्याचे काम. भारतातल्या बंद्यांत स्त्रिया सुमारे ४ टक्के. त्यांतल्या बहुसंख्य न्यायाधीन, म्हणजे तुरुंगाच्या बोलीत ‘कच्च्या’. त्यामुळे या कामाला ‘गुन्हेगारांची सुधारणा’ म्हणणे मुळातच चुकीचे. कित्येकींवरचा गुन्हा शाबीतच होत नाही.

अडचण फाटकातच सुरू होते. सुटकेचा आदेश पोचून त्याची खातरजमा होईपर्यंत पुष्कळदा दिवे लागतात. अटकेच्या वेळी जमा केलेले मंगळसूत्र, किल्ल्या, कधीच बंद पडलेला मोबाइल हाती येतो. न्यायला मात्र कोणी आलेले असेलच असे नाही. जामिनाचीही तीच गत : घर वा सात-बारा सहसा तिच्या नावावर नसतो आणि जामीनदार व्हायला नातलग कचरतात.

सुटकेनंतरच्या मदतीची तयारी तुरुंगातच सुरू व्हावी, असे संयुक्त राष्ट्रांची बँकॉक नियमावली (२०१०) सांगते. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून हेच करत आला आहे : बराकीत भेटी, घरच्यांशी संपर्क, वकिलाची सोय आणि सुटल्यावर कामाची जुळवाजुळव. केंद्राच्या ‘स्वाधार’ योजनेत कारामुक्त निराधार स्त्रियांचा स्पष्ट उल्लेख होता; आता तिची जागा ‘शक्ती सदन’ने घेतली आहे. अशा निवाऱ्यांत बाहेर पडायलाही परवानगी लागत असेल, तर एका कुलपातून सुटलेली बाई दुसऱ्यात जाते. प्रशिक्षणात शिवणकामाची मक्तेदारी आहे. शिलाई मशीन घ्यायला पैसे कोठून आणायचे, हा प्रश्न मागे उरतो.

सर्वांत नाजूक भाग मुलांचा. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निकालानुसार मूल सहा वर्षांचे होईपर्यंत आईजवळ तुरुंगात राहू शकते. पुढे ते नातलगांकडे किंवा बालगृहात जाते. तिथून परत आणायचे तर घर दाखवावे लागते, घरासाठी अनामत लागते, अनामतीसाठी काम. घरी ठेवलेल्या मुलाला बहुधा सांगितलेले असते, ‘आई गावाला गेलीय.’ पुढे कामावर ठेवणारी बाई मधल्या वर्षांविषयी विचारते, तेव्हा आईही तेच सांगते : गावाला होते.