हरतालिकेची रात्र, बारा व्होल्ट

घर काल्पनिक आहे. चूक मात्र गणपतीच्या दिवसांत घरोघरी होऊ शकणारी.

संध्याकाळी 6. बंद कॉम्प्युटरमधला 450 वॉटचा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, दादा मखरासाठी काढतो. जाड प्लगमधली हिरवी वायर काळीला जोडली की पंखा फिरू लागतो. पिवळीवर 12 व्होल्ट, एलईडी पट्टीला हवे तेवढेच. इथवर सगळं ठीक. डबा उघडला नाही हेही बरं. आतल्या कपॅसिटरवर 300 च्या वर व्होल्ट असतात.

7.30. पाच मीटरचे चार रोल. 5050 जातीची, मीटरला 60 दिव्यांची पट्टी मीटरमागे साधारण 14 वॉट खाते. म्हणजे रोलला 6 अँपिअर, चारही रोलचे 24. ही बेरीज कुणी करत नाही. हार्ड डिस्कचा प्लग कापून एकाच पिवळ्या वायरला चारही रोल पिळून बांधले जातात, वर काळी टेप. तशा वायरवर दहाएक अँपिअरपुढे जाऊ नये.

8.45. मखर उजळतं. जोड सॅटिनच्या पडद्यामागे गेला.

"दादा, वायर गरम लागतेय."

"अगं, बाराच व्होल्ट आहेत. शॉक नाही बसत."

शॉक नाही बसत, खरंच. पण उष्णता वाढते ती अँपिअरच्या वर्गाने, व्होल्ट कितीही कमी असोत.

11. आईचं जागरण सुरू आहे. उदबत्तीत जळक्या प्लास्टिकचा वास मिसळलाय. ज्याला त्याला वाटतं, शेजारून येत असेल.

1.30. पिळलेला जोड तापून सैल झालाय. तिथे नुसता 0.05 ओहम रोध असला आणि 20 अँपिअर वाहत असले, तर 20 वॉट उष्णता. छोटी सोल्डरिंग आयर्न पडद्याला टेकवून ठेवावी तशी. एसएमपीएसमध्ये संरक्षण असतं ना? असतं, शॉर्ट सर्किटसाठी. पण या डब्याच्या पाटीवर पिवळीसमोर 32 अँपिअर लिहिलेत. चोविसाला तो कशाला बंद पडेल? आपली वायर वितळतेय हे कळायला त्याच्याकडे काही साधन नाही. त्याच्या लेखी सारं सुरळीत आहे.

2.50. आईचा डोळा लागतो. टेप गळून पडते.

3.10. पडदा पेटतो. पट्ट्या अजून लागलेल्याच.

अशा वेळी आधी मेन स्विच बंद करा, घराबाहेर पडा, 101 फिरवा. पण ती वेळ येऊच नये यासाठी प्रत्येक रोलला वेगळी पिवळी-काळी जोडी द्या, आणि प्रत्येक पिवळीत, डब्याजवळच, 7.5 अँपिअरचा फ्यूज घाला. गाडीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात तो अगदी स्वस्तात मिळतो. जोड सोल्डर करा, कापडापासून लांब ठेवा, आणि झोपताना एसएमपीएसचं बटण बंद करा. बाप्पापुढे रात्रभर समईच पुरते, तीही कुणी जागं असेल तरच.